जिममधल्या वेट लॉस चॅलेंजची तयारी: नाव देण्यापासून पाडव्याच्या वजनापर्यंत

मी कोल्हापूरला राहते, वय ४३, दोन मुलं, दिवसभर खुर्चीवर बसून काम. आत्तापर्यंत दोन वेट लॉस चॅलेंज केलेत, म्हणजे ठराविक दिवसांत वजन उतरवायची जिमची स्पर्धा. पहिलं २०२३ मध्ये, ४५ दिवसांचं, त्यात ७ किलो उतरवलं आणि अडीच महिन्यांत सगळं परत आलं, वर केस गळायला लागले ते वेगळंच. दुसरं २०२५ मध्ये, ५ जानेवारी ते ३० मार्च, बरोबर १२ आठवडे, त्यात ८४.६ वरून ७६.१ वर आले आणि ते बऱ्यापैकी टिकलंय. दोन्ही वेळा मेहनत तेवढीच होती, उलट पहिल्या वेळी जास्तच. फरक पडला तो तयारीत, आणि ती तयारी पहिल्या वजनाच्या आधीच तीन आठवडे सुरू करावी लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

नाव देण्याआधी नियम विचारून घ्या

पोस्टरवर फक्त बक्षिसाची रक्कम मोठी लिहिलेली असते. काउंटरवर जाऊन नीट विचारा की निकाल किलोवर लागणार का टक्क्यांवर. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. समजा ११० किलोच्या माणसाने ९ किलो उतरवलं तर ते ८.२ टक्के झालं, आणि ७० किलोच्या बाईने ७ किलो उतरवलं तर ते १० टक्के. किलोवर निकाल असेल तर ती बाई हरली, टक्क्यांवर असेल तर जिंकली. हिशोब सोपा आहे, उतरलेलं वजन भागिले सुरुवातीचं वजन गुणिले १००. माझं म्हणाल तर निकाल फक्त किलोवर असेल आणि तुमचं वजन ७०-७५ च्या आत असेल तर बक्षिसाचा विचार डोक्यातून काढूनच उतरा, नाहीतर भलतेसलते प्रकार करावेसे वाटतात.

बाकीचे प्रश्न म्हणजे वजन कधी घेणार, सकाळी उपाशीपोटी का संध्याकाळी, दोन्ही वेळा काटा तोच असणार का, कपडे कोणते, बूट काढायचे ना. फॅट पर्सेंटेजच्या मशीनवर निकाल असेल तर एक लक्षात ठेवा, ते मशीन पायातून बारीक करंट सोडून अंदाज काढतं, त्यामुळे तुम्ही पाणी किती प्यायलाय, नुकताच व्यायाम केलाय का, यावर आकडा हलतो. पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभं राहायचं नाही. आणि मध्येच कोणाची तब्येत बिघडली तर काय, हे पण विचारा. ज्या जिमला याचं उत्तर देता येत नाही तिथे मी तरी पैसे भरणार नाही.

तीन आठवडे आधी: डॉक्टर आणि रक्ततपासणी

हे लोक टाळतात कारण "मला काय झालंय". मला पण काय झालं नव्हतं, पण हिमोग्लोबिन ९.८ निघालं, आणि २०२३ ला मी दोन जिने चढून धापा टाकत होते ते कशामुळे हे तेव्हा कळलं. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे, बी१२ आणि ड जीवनसत्त्व एवढं करून घ्या, बीपी मोजून घ्या आणि रिपोर्ट घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड कमी काम करत असेल तर आधी गोळी सुरू होऊन जरा स्थिर व्हायला वेळ लागतो, तो वेळ स्पर्धेच्या आधीच मिळाला पाहिजे.

शुगर असणाऱ्यांसाठी हे फार कळकळीने सांगतेय. इन्सुलिन चालू असेल किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि तुम्ही जेवण अचानक निम्म्यावर आणलं तर शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, चक्कर, बेशुद्धी. डोस डॉक्टरांनीच बदलायचा, स्वतः नाही आणि ट्रेनरच्या सांगण्यावरून तर अजिबात नाही. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर ही स्पर्धा आत्ता तुमच्यासाठी नाही. पित्ताशयात खडे असतील तरी आधी विचारा, कारण वजन फार झपाट्याने उतरवलं की खडे होण्याचं आणि त्रास द्यायचं प्रमाण वाढतं.

आणि कंबर मोजा, शिवणकामाच्या टेपने, बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून. आपल्या लोकांसाठी बायकांची ८० सेंटीमीटर आणि पुरुषांची ९० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ धरतात, बीएमआय पण (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आपल्याकडे २३ च्या वर गेला की जास्त धरतात. माझी कंबर ९८ होती. काटा रुसतो तेव्हा ही टेपच धीर देते, पुढे सांगते कसं.

दोन आठवडे आधी: काही बदलू नका, फक्त लिहा

बरेच जण पहिल्या वजनाच्या आधी मुद्दाम दाबून खातात, मीठ-भात-पाणी वाढवून काटा दोन किलो वर नेतात. नका करू. एकतर ती फसवणूक आहे आणि दुसरं म्हणजे १५ दिवस जिभेला सवय लावून मग पहिल्याच आठवड्यात ती मोडायची, तिथेच निम्मे लोक गळतात.

त्याऐवजी एक वही घ्या आणि जे खाता ते लिहा. नेहमीसारखंच खा. चहा किती कप, साखर किती चमचे, मुलांच्या ताटातलं उरलेलं, ऑफिसमध्ये कोणाच्या वाढदिवसाचा केक, भडंग चिवडा चालता चालता घेतलेली मूठ, सगळं. माझ्या वहीत दिवसाला ४ कप चहा निघाले, प्रत्येकी २ चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी, आणि मी सगळ्यांना सांगत होते की मी गोड खातच नाही.

पण खरा धक्का तेलाचा होता. आमच्या घरी चार माणसं आणि महिन्याला ५ लिटरचा डबा संपतो. एक दिवस बसून भागाकार केला, माणशी रोज साधारण ४० मिली आलं, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी, नुसत्या तेलाच्या. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठाच्या भाकरीएवढ्या. तेव्हापासून माझी पळी गेली. मी तेलाच्या भांड्यात एक ५ मिलीचा चमचा टाकून ठेवला, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसला, आणि चार जणांच्या भाजीला ४ चमचे, आमटीच्या फोडणीला २, असं ठरवून टाकलं. पहिले चार दिवस भाजी कोरडी लागली, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण दाण्याचं कूट जास्त घालायला लागल्या, मग ते पण मोजायला लागले कारण दाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. आठवड्यानंतर भाजी झाकण ठेवून, झाकणात पाणी घालून वाफेवर शिजवायची सवय झाली आणि कोणाला फरक कळेना. नवऱ्याचंही ३ किलो उतरलं, त्याने कुठे नाव दिलं नव्हतं.

आकडा ठरवताना

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कमी पडल्या तर आठवड्याला ३५००, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास. आठवड्याला अर्धा ते एक किलो हे झेपणारं आहे, १२ आठवड्यांत ६ ते १२ किलो. ज्यांचं वजन मुळातच जास्त आहे त्यांचं सुरुवातीला थोडं जास्त उतरतं. "एका महिन्यात १५ किलो" असं कोणी म्हणत असेल तर तो चरबीबद्दल बोलत नाहीये.

पहिल्या आठवड्यात माझं २.१ किलो उतरलं. हे वाचून खूश होऊ नका, तुमचंही उतरेल आणि ते बहुतेक पाणी असतं. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरलेलं असतं, खाणं कमी झालं की साठा रिकामा होतो आणि ते पाणी जातं. दुसऱ्या आठवड्यात फक्त ७०० ग्रॅम उतरलं की लोक घाबरतात आणि जेवण अजून तोडतात. ते ७०० ग्रॅमच खरे होते.

ताटात काय

आपल्याकडे दोन पंथ आहेत, दोनदाच जेवा वाले आणि दर दोन तासांनी खा वाले, आणि दोन्हीकडे वजन उतरलेले लोक मी स्वतः बघितलेत. मला तीन जेवणं आणि संध्याकाळी एक छोटं खाणं जमतं. तुम्हाला जे सहा महिने जमेल ते धरा. पण एक गोष्ट दोन्हीकडे बघायलाच लागते ती म्हणजे प्रोटीन, कारण खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीत मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे मला ७० ग्रॅम. वहीत बघितलं तर मी ४० च्या आसपास होते.

ते भरायला डबे आणायची गरज पडली नाही. सकाळी २ अंडी म्हणजे १२ ग्रॅम आणि एक ग्लास दूध. दुपारी एक भाकरी, मोठी वाटी मटकीची उसळ, वाटीभर दही, काकडी-गाजर-मुळा हवं तेवढं. पाचला मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, यातून ६ ग्रॅमच्या आसपास. रात्री १०० ग्रॅम पनीर म्हणजे १८ ग्रॅम, किंवा चिकन, दोन छोट्या पोळ्या, भाजी. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे अंडं-मटण नाही, त्या दिवशी सोयाबीनच्या वड्या, कोरड्या ३० ग्रॅम घेतल्या तरी १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि स्वस्त. रविवारी तांबडा-पांढरा असतोच, तो सोडला नाही, तांबड्यावरचा तवंग बाजूला केला आणि पांढरा अर्धी वाटी, त्यात नारळाचं दूध आणि खसखस-काजू असतात. मटणाचे तुकडे पोटभर खाल्ले, भात एक मूद.

भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. भाकरी खाल्ली की वजन उतरतं असं नाही, ज्वारी आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीला तेल लागत नाही, पोट भरतं आणि एकीत काम होतं, हा तिचा फायदा. चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच.

उपवासाचं मात्र खरंच बघा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, प्रोटीन जवळजवळ शून्य, त्यात तूप, बटाटा, दाण्याचं कूट. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती, मी उकडलेलं रताळं, दही, एक ग्लास दूध आणि दोन फळं यावर केली आणि रात्री भूक पण लागली नाही.

प्रोटीन पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, १४ अंकी नंबर बघा, आणि किडनीचा त्रास असेल तर पावडर काय, प्रोटीन वाढवण्याआधीच डॉक्टरांना विचारा. "फॅट बर्नर" म्हणून ज्या कॅप्सूल काउंटरखालून मिळतात त्यांना हात लावू नका. १२०० कॅलरीच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका, मी साधारण १५०० वर होते.

व्यायाम

लोक ट्रेडमिलवर तास तास घालवतात कारण घाम दिसतो. मी आठवड्यातून तीन दिवस वेट ट्रेनिंग केलं, ४५ मिनिटं, बाकी दिवस चालले. स्क्वॉट म्हणजे आपल्या बैठकाच, लेग प्रेस, लॅट पुलडाउन, डंबेल रो, चेस्ट प्रेस, हिप ब्रिज, प्लँक, बस्स. प्रत्येकी ३ सेट म्हणजे फेऱ्या, एका फेरीत १० ते १२ रेप्स म्हणजे तेवढ्या वेळा तोच व्यायाम, आणि दर दोन आठवड्यांनी थोडं वजन वाढवायचं. बायकांना भीती असते की डंबेल उचलले की दंड जाड होतील, तीन महिन्यांत आणि तेही खाणं कमी असताना तसं होत नाही, उलट स्नायू टिकले आणि चेहराही ओढल्यासारखा झाला नाही, २०२३ ला झाला होता.

गुडघे दुखत असतील तर उड्या मारायचे प्रकार सोडा, बर्पी-बिर्पी काही नको, खुर्चीवर बसून उठायचं इथून सुरू करा. चालणं आधी ४००० पावलं, मग दर आठवड्याला हजार वाढवत ८-९ हजार. पहिल्या आठवड्यातच सकाळ-संध्याकाळ जिम करणारे तिसऱ्या आठवड्यात खांदा किंवा कंबर धरून बसतात, आमच्या बॅचमध्ये चौघे तसेच बाहेर पडले. आणि खूप दिवसांनी एकदम जबर व्यायाम केल्यावर अंग कमालीचं दुखून लघवी चहासारखी गडद झाली तर ते नुसतं अंगदुखीचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

झोप ७ तास. ज्या दिवशी ५ तास झोपले त्या दिवशी वहीत हमखास बिस्किटं आहेत.

मधले आठवडे

वजन रोज बघायचं असेल तर बघा, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याच्या आधी, तोच काटा, फरशीवर तीच जागा. पण त्या दिवसाचा आकडा धरू नका, सात दिवसांची सरासरी काढा आणि मागच्या आठवड्याशी तुलना करा. बायकांचं पाळीच्या आधी पाणी धरून किलो-दीड किलो सहज वाढतं, तिसऱ्या आठवड्यात माझं १०० ग्रॅम वाढलेलं दिसलं आणि पाळी गेल्यावर चार दिवसांत सव्वा किलो खाली. शेवटचं वजन नेमकं त्या दिवसांत येतंय का हे कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा म्हणजे मनाची तयारी राहते. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलू नका.

सहाव्या-सातव्या आठवड्यात काटा ८०.३ वर अडकला तो अडकलाच, तेरा दिवस. रडू यायचं. पण टेप लावली तर त्याच काळात कंबर अडीच सेंटीमीटर कमी झाली होती. वही परत चाळली तर तेलाचा चमचा नकळत डोंगरासारखा भरायला लागले होते आणि हळदीकुंकवाला जाऊन रोज काही ना काही खात होते. ते दोन दुरुस्त केलं, हजार पावलं वाढवली, जेवण तोडलं नाही, आणि गाडी सुरू झाली.

सण टाळायचे नाहीत. तिळगूळ खाल्ला, एक लाडू शंभर-सव्वाशे कॅलरीचा, तो वहीत लिहिला. होळीला एक पुरणपोळी, वर तूप एक चमचा, आणि कटाची आमटी दोन वाट्या. लग्नात आधी कोशिंबीर आणि उसळ घ्यायची, मग जिलेबी हवी तर जिलेबी किंवा मठ्ठा-भात, दोन्ही नाही. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की आग्रह करू नका, माझ्या आईला हे समजवायला दोन फोन लागले पण समजलं तिला.

शेवटचा आठवडा, हे नीट वाचा

२०२३ ला शेवटच्या दिवसांत आमच्या बॅचमधल्या एकाने सांगितलं म्हणून मी मीठ बंद केलं, दीड दिवस पाणी घोट घोट, आणि जाड जर्किन घालून ट्रेडमिलवर पळाले. वजनाच्या सकाळी काटा २.३ किलो खाली. खाली उतरले आणि डोळ्यापुढे काळोख, भिंत धरली म्हणून डोकं आपटलं नाही. पायाला गोळे, हृदय कानात वाजत होतं. सलाईन लावावी लागली. आणि ते २.३ किलो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जागेवर, कारण ते पाणीच होतं.

कोल्हापुरात कुस्तीचं वजन म्हणजे काय हे घराघरात माहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला विनेश फोगट ५० किलो गटाच्या फायनलला पोचली, रात्रभर घाम काढून, केस कापूनसुद्धा १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, नंतर अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे तिच्यावर उपचार करावे लागले. तिच्याबरोबर डॉक्टर होते, पूर्ण टीम होती. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना, गरम खोलीत रबरी सूट घालून व्यायाम करताना गेले. आपण जिमच्या स्पर्धेसाठी, मिक्सर किंवा सहा महिन्यांच्या मेंबरशिपसाठी उतरतोय. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, जर्किन, स्टीम रूम, पाणी बंद, यातलं काही म्हणजे काही करू नका. पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि ते आधी कळत नाही.

मी २०२५ ला शेवटच्या आठवड्यात एवढंच केलं. पापड, लोणचं, फरसाण, हॉटेल बंद, घरचं नेहमीच्या मिठाचं जेवण. पाणी रोजच्यासारखं. शेवटचे दोन दिवस जड व्यायाम नाही, फक्त चालणं, कारण अंग दुखत असलं की सूज आणि पाणी धरून राहतं. आदल्या रात्री साडेसातला जेवण, मुगाची खिचडी आणि ताक. यात तब्येतीला काही होत नाही आणि फुगलेलं असेल ते अर्धा-पाऊण किलो आपोआप जातं.

वजनाचा दिवस आणि पुढे

३० मार्चला पाडवा होता. सकाळी साडेसहाला वजन, घरून निघताना पहिल्या दिवशीचेच कपडे, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक केळ. ७६.१ भरलं, १०.०५ टक्के. चौथी आले, पहिला आलेला मुलगा १२.४ टक्क्यांवर होता आणि त्याने रोज डबा आणून खाल्लेला मी बघितलाय, त्याचा हक्कच होता. खाली उतरून केळ खाल्लं, घरी येऊन गुढी उभारली, कडुलिंबाचं पान, मग दुपारी श्रीखंड-पुरी, श्रीखंड एक वाटी.

खरं अवघड काम दुसऱ्या दिवसापासून असतं. अमेरिकेतल्या एका टीव्हीवरच्या वजन उतरवायच्या स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला होता, स्पर्धेनंतर सहा वर्षांनी बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणून स्पर्धा संपली की जुन्या जेवणावर उडी मारायची नाही. मी दर आठवड्याला फक्त शंभर-दीडशे कॅलरी वाढवल्या, आधी दुपारी अर्धी भाकरी, मग रात्री थोडा भात, आणि काटा वर जायला लागला तिथे थांबले. वेट ट्रेनिंग तीन दिवस तसंच चालू.

वजन आता फक्त रविवारी बघते. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने ७८ लिहून ठेवलंय. काटा त्याच्या वर गेला की तीन आठवडे वही आणि तेलाचा चमचा पुन्हा सुरू. आत्तापर्यंत दोनदा गेला, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा भाचीच्या लग्नानंतर, दोन्ही वेळा चौथ्या रविवारी ७७ च्या आत होते.